आरामशीनवर भरलेली कॅसेट

मोहाची फुलं पडायला लागली की आमच्या भागातली माणसं हळवी होतात. कोणाला माहेर आठवतं, कोणाला मोहाच्या भाकरीची चव आठवते, कोणी मोबाईलवर फुलांचा फोटो टाकून खाली दोन ओळी लिहितं. मला राग येतो. खोटं कशाला सांगू? सकाळी गडचिरोलीतल्या माझ्या घरामागून तो गोड, जरासा आंबूस वास आला की माझे दात आवळले जातात आणि एक माणूस आठवतो. साठी जवळ आली, नर्सच्या नोकरीत अर्धा जिल्हा पायाखाली घालून झाला, गुडघे बोलायला लागले, तरी आठवतो. बहीण म्हणते, "सोड नं आता, किती दिवस धरून ठेवशीन?" का सोडू? माझं आहे ते.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. भीती नाही, पण फुकटची प्रसिद्धी कशाला द्यायची? सगळे त्यांना गायनसर म्हणत, मीही तेच म्हणेन.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सिंदेवाहीच्या अलीकडं आमचं गाव, गावाला छोटी रेल्वे, रेल्वेच्या पलीकडं लाकूड कापायची आरामशीन. माझे बाबा त्या आरामशीनवर होते. सागाचे ओंडके पट्ट्याच्या करवतीसमोर सरकवायचे, दिवसभर. ती करवत लाकडात शिरली की जो आवाज निघतो तो ज्यानं जवळून ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. किंकाळीच ती, पण श्वास न घेणारी. बाबांचे कान त्या किंकाळीनं खाल्ले. मी शाळेत जायला लागले तोवर त्यांना साधं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं. त्यामुळं आमच्या घरी हळू कोणी बोलतच नसे. भाजीत मीठ कमी आहे हेही भांडल्यासारखं सांगायचं. पाहुणे आले की त्यांना वाटायचं आपण चुकीच्या वेळी आलो. दुपारी बाबांचा डबा घेऊन मी आरामशीनवर जायची आणि फाटकातून हाक मारायची, "बाबाऽऽ होऽऽ!" करवत चालू असताना ती हाक त्यांच्यापर्यंत पोचवायची म्हणजे पोटापासून आवाज काढावा लागे. माझा गळा त्यातून घडला. जाड, भरडा, वरच्या पट्टीत गेला की कडेनं फाटणारा.

आणि मला गायचं होतं. वेड होतं नुसतं. आमच्या वस्तीत जयंतीला गाणी व्हायची तेव्हा मी पहिल्या रांगेत. गायनसर दर रविवारी चांद्याहून छोट्या गाडीनं यायचे, शाळेच्या खोलीत क्लास घ्यायचे. पांढरा झब्बा, तोंडात लवंग, आणि पेटीवर फिरणारी गोरी बोटं. मी दोन वर्षं एक रविवार चुकवला नाही. सतरंजी मीच झटकायची, पेटी मीच पुसायची. त्यांनी सांगितलं की रियाज टेप करून ऐकत जा, तर बाबांनी कुठून कुठून जमवून मला टेपरेकॉर्डर आणून दिला. स्वतःला त्यातलं अक्षर ऐकू येणार नव्हतं, तरी दिला. मांडीवर घेऊन कापडानं पुसायचे तो.

त्या वर्षी मोहाच्या तोंडावर सरांनी जाहीर केलं की नागपूरला त्यांची भक्तिगीतांची कॅसेट भरायची आहे, सोबत एक मुलगी लागेल. प्रत्येकीनं एक गाणं टेप करून आणायचं. माझी बारावीची परीक्षा तोंडावर, पण परीक्षेचं कोणाला पडलं होतं! कोरी कॅसेट मात्र घरात नव्हती. माझा मामेभाऊ प्रदीपदादा नागपूरला इंजिनिअरिंगला होता. वसतिगृहात त्याच्या खोलीत शिलाँगचा एक मुलगा राहायचा, त्याच्याकडच्या कॅसेटी एकमेकांवरून उतरवलेल्या असत. त्यातली एक दादानं मला दिली. म्हणाला, "याच्यावर भर तुझं गाणं. काही कामाचं नाई याच्यात, कचरा हाय नुसता."

मी लावून पाहिली. अगं माय! टेप बिघडला असंच वाटलं. कढईत मोहऱ्या तडतडतात तसं काहीतरी अखंड चाललेलं, त्याच्या मागं कोणीतरी ढोल बडवतंय की दार बडवतंय कळत नाही, आणि त्या सगळ्याच्या खाली, विहिरीच्या तळाशी उभा राहून ओरडल्यासारखा एक माणूस. शब्द नाही, सूर नाही, ताल असलाच तर पळत सुटलेला. मी अर्ध्या मिनिटात बंद केली. एका बाजूवर माझं गाणं भरलं, दुसरी बाजू तशीच राहिली.

रविवारी सरांनी सगळ्यांच्या कॅसेटी ऐकल्या. माझी लावली, पहिली ओळ संपायच्या आत बंद केली. खोलीत साऱ्या मुली. सर लवंग चावत हसले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमच्यात आवाज असतो गं. पण तो हाक मारायचा. गायचा नाही."

तुमच्यात. ते 'गं' अजून माझ्या कानात आहे. रागावून बोलले असते तर मी रडले असते आणि विसरलेही असते. ते दया करत होते. बाकीच्या मुली खाली सतरंजीकडं बघायला लागल्या, जी मी सकाळी झटकली होती. एकीला निवडलं, तिचं वाईट काही म्हणत नाही, ती बिचारी गोड गायची. मी कॅसेट घेतली आणि घरी आले.

घरी कोणी नव्हतं. टेपमध्ये कॅसेट घातली ती उलटी बसली, आणि तो कचरा सुरू झाला. या वेळी मी बंद केला नाही. अंगात ताकदच नव्हती उठायची. पडून राहिले आणि ऐकत राहिले. पहिलं गाणं नुसतं अंगावर आलं. दुसऱ्यात कळलं की त्या तडतडीच्या आत एक धून आहे, लहानशी, हट्टी, तीच ती परत परत येणारी. तिसऱ्यात तो ओरडणारा माणूस माझ्या ओळखीचा वाटायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं गोड हो म्हणून. किंवा सांगितलं असेल आणि त्यानं सांगणाऱ्याच्या तोंडावर दार लावलं असेल. त्याचा गळा माझ्यासारखाच कडेनं फाटत होता, आणि त्यानं तो फाटू दिला होता! मी उठून बसले. बाजू संपली, परत लावली.

पुढचे कितीतरी दिवस माझं तेच. परीक्षेची पुस्तकं समोर आणि टेप चालू. सोपं नव्हतं ते ऐकणं, कोणी असं समजू नये. डोकं चढायचं, कानात शिट्टी वाजायची, कधी कधी वाटायचं आपण उगीच भूषण मानतोय, खरंच कचरा आहे हा. मग एखाद्या जागी तो माणूस असा काही ओरडायचा की माझ्या छातीतलं कोणीतरी उत्तर द्यायचं. गोड गाणी माझ्यापाशी येऊन मला समजवायची, शांत हो म्हणायची. हे मला म्हणायचं, होऊ नको.

एक दिवस बाबा कामावरून आले तेव्हा टेप चालू होता. ते दारात थांबले. मग जवळ आले, टेपवर पालथा हात ठेवला आणि त्यांचं तोंड उजळलं.

"काऊन वं सुमे, आपली मशीन हाय नं ही? कोनं भरली?"

"बाबा, गाणं हाय ते! इंग्रजी!" मी ओरडले.

"मले नको शिकवू. आपली मशीन वळखत नाई का मी? मले आयकू येऊन राह्यलं, सुमे!"

मी किती सांगितलं तरी पटलं नाही त्यांना. पोरीनं गुपचूप टेप आरामशीनवर नेऊन आपलं काम भरून आणलं, असंच ते धरून बसले. मायला बोलावून दाखवलं, शेजारच्यांना दाखवलं. दोन वर्षं मी त्या टेपवर जे जे गोड गायले होते त्यातलं एक अक्षर त्यांना पोचलं नव्हतं. हे पोचलं. संध्याकाळभर टेपवर हात ठेवून बसले होते माझे बाबा. आणि मग मला वाटलं, बाबा म्हणतात ते का करू नये?

आता माझी भाची मला सांगते की याला ब्लॅक मेटल म्हणतात, आणि तो माल मुद्दाम तसा वाईट भरतात. चांगला स्टुडिओ परवडत असताना साधा टेप लावतात, म्हणे, म्हणजे ते कच्चं राहतं. मला हसू आलं. आमच्याकडं साध्या टेपशिवाय दुसरं होतंच काय? ती म्हणते, मावशी, ते लोक सैतानाला हाका मारतात, त्यांच्या देवळांना शिव्या घालतात. असेल. सैतान आमचा कोणी लागत नाही. देव टाकायला एवढं ओरडावं लागतं हे मला नवीन होतं. माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर घरातले देव सुपात घातले, नदीवर नेऊन सोडले, आंघोळ केली आणि घरी येऊन जेवले. सूप परत आणलं, पाखडायला लागतं म्हणून. त्यामुळं त्या भागाचं मला काही विशेष वाटलं नाही. दुसरी एक गोष्ट तिनं सांगितली ती मात्र लागली. म्हणे, पुढं त्या संगीतातल्या काही टोळ्या आपल्या रक्ताचा माज करायला लागल्या, काळ्या-सावळ्या माणसांना हलकं समजायला लागल्या. म्हणजे ज्यांच्या आवाजानं मला उभं केलं त्यांचेच कोणी भाऊबंद मला बघून म्हणतील, तुमच्यात. काय करायचं याचं? मी खूप विचार केला. आवाज मी ठेवला आहे, माज त्यांचा त्यांना परत.

मोह जोरात पडायला लागला होता. मी मैनाबाईसोबत जंगलात जायची. मैनाबाई आमच्या शेजारच्या पाड्यावरची गोंड बाई, मायची जिवाची मैत्रीण. मोहाच्या दिवसांत अस्वलंही फुलांवर येतात, म्हणून बाया गप्प राहून वेचत नाहीत. झाडाझाडावरून एकमेकींना हाका देत राहतात. मी इथं आहे, तू आहेस का, आणि तू अस्वल असशील तर वाट धर. सकाळी सारं जंगल असं बोलत असतं. त्या वर्षी मी नुसती हाक देत नव्हते. मी त्या टेपवरच्या माणसासारखी ओरडून बघत होते. घसा कुठून उघडायचा, श्वास कुठं दाबायचा, फाटलेला आवाज न तुटता किती लांब न्यायचा. पहिल्या दिवशी खोकला लागला, नंतर जमायला लागलं. मैनाबाईनं टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"का वं, कोनाचा राग काढून राह्यली?"

"मास्तराचा."

"काढ मंग. पोट भरून काढ." फुलं वेचता वेचता थोड्या वेळानं म्हणाली, "तुह्या आवाजानं अस्वल सिरोंचाले पोचला असन आता. तेलगू बोलत असन तिकडं."

त्याच आठवड्यात मी टेप पिशवीत घालून दुपारी आरामशीनवर गेले. बाबांना डबा दिला आणि करवतीच्या जितकं जवळ जाऊ देतील तितकं जाऊन उभी राहिले. कॅसेटची माझ्या गाण्याची बाजू वर केली. ज्या गाण्याला सरांनी एक ओळही पुरी होऊ दिली नाही ते पुसून टाकायचं होतं मला. करवत सागात शिरली आणि मी सुरू केलं. शब्द शोधावे लागले नाहीत. सरांचेच होते. तुमच्यात आवाज असतो! हाक मारायचा! तुमच्यात! गायनसर, तुमच्यात! एकच वाक्य, ओंडक्यामागून ओंडका. आजूबाजूला दहा-बारा माणसं काम करत होती, एकालाही ऐकू गेलं नाही. तिथं माणूस काहीही बोलू शकतो. बाबांनी एकदा वळून पाहिलं, भुस्सा झटकला आणि हसले. त्यांना वाटलं असेल, पोरगी परत मशीन भरतेय. घरी येऊन ऐकलं. तो लहानसा टेप, त्याला काय झेपणार? करवत आणि मी एकमेकीत इतक्या घुसलो होतो की कोणती कोण ते कळत नव्हतं. शब्द तर आधीच माहीत असतील त्यालाच लागतील असे. मला फार आवडलं ते. मी आजवर गायलेल्यात तेच सगळ्यात चांगलं होतं, हे मी आजही छाती ठोकून सांगते.

सरांच्या कॅसेटचा समारंभ आमच्या गावात बाजाराच्या दिवशी ठेवला होता. भोंगा लावणार होता आमच्याच वस्तीतला नामदेव. त्याच्याकडं सरांच्या फोटोची कॅसेट आधीच येऊन पडली होती. तो बैलगाडीवर बॅटरी चढवत होता तेव्हा मी डबी उघडली, सरांची काढली, माझी ठेवली. अगदी शांतपणे केलं.

चौकात गर्दी. मोहाची टोपली घेऊन आलेल्या बाया, चिवड्याची दुकानं, चपलांचे ढीग, हॉटेलवाल्याची भट्टी. मंचावर सर, गळ्यात हार, शेजारी गावातली मोठी माणसं. माझे बाबा बाकीच्या मजुरांसोबत पिंपळाखाली बसलेले, सुट्टी होती त्यांना. कोणीतरी भाषण केलं, सरांनी नम्रपणे मान झुकवली, नामदेवनं बटण दाबलं.

काय सांगू! भोंग्यातून जे सुटलं त्यानं सगळा बाजार जागच्या जागी उभा राहिला. बैलांनी माना झटकल्या. हॉटेलवाल्यानं चहाचं भांडं सोडलं. "जळला, जळला!" म्हणून कोणी ओरडलं, नामदेव मशीनच्या मागं वाकून वायरी उपटायला लागला, पण घाबरून भलत्याच उपटल्या, आवाज काही बंद होईना. कोणाला वाटलं भोंगा फुटला, कोणाला वाटलं रेल्वेचं इंजिन. पिंपळाखालचे मजूर उठून आपल्या मशीनकडं बघायला लागले, सुट्टीच्या दिवशी कोणी चालू केली म्हणून. शब्द त्या गर्दीत एकालाही कळले नाहीत.

मी गायनसरांकडं बघत होते. आधी ते चिडले, नामदेवला हात करून ओरडले. मग थांबले. मान जरा तिरकी केली, शिकवताना करायचे तशी. कान चांगला होता त्यांचा, ते मी नाकारत नाही. त्यांनी ऐकलं. त्यांचं स्वतःचं वाक्य, स्वतःच्या समारंभात, भोंग्यातून, त्यांच्याच अंगावर. तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्यांनी बायांच्या बाजूला नजर फिरवली आणि मला शोधलं. मी टोपलीमागं लपले नाही. उभी होते, सरळ त्यांच्याकडं बघत. आणि तेवढा वेळ, नामदेवला बरोबर वायर सापडेपर्यंत, ती साऱ्या चौकातली आमच्या दोघांचीच मैफल होती.

सगळ्यांनी विचारलं, सर, काय झालं? काय होतं ते? आता सरांनी माझं नाव घ्यायचं म्हणजे मी काय ओरडत होते ते सांगायला लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे ते वाक्य चारचौघात, आमच्या साऱ्या वस्तीसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणायला लागणार. सरांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "कॅसेट खराब निघाली."

नामदेवला काही झालं नाही. त्या संध्याकाळच्या गाडीनं सर गेले ते क्लासला परत आले नाहीत. काही दिवसांनी जयंतीला मी आमच्या वस्तीत गायले, फाटक्या आवाजात, उघड. लोकांनी परत म्हणायला लावलं.

पण सूड पुरा झाला असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांना ऐकू गेलं, पण त्यांनी उत्तर दिलं नाही. मला उत्तर पाहिजे. चुकलो, हे त्यांच्या तोंडून, जाणूनबुजून, माझ्या डोळ्यांत बघून. त्याच्याखाली मी एक पैही कमी घेणार नाही. पुढं मी नर्स झाले, लग्न झालं, बाबा गेले. दर वर्षी मोह पडला की मी स्वतःलाच बजावायची, या वर्षी चांद्याला जायचं आणि विचारायचं. आणि दर वर्षी काही ना काही आडवं यायचं.

या वर्षी त्यांच्या मुलीचाच फोन आला. कुठून नंबर मिळवला कोण जाणे. म्हणाली, बाबा फार थकलेत, जुने विद्यार्थी येऊन भेटले तर डॉक्टर म्हणतात बरं वाटेल. मी दुसऱ्या दिवशीच बस पकडली. पूर्ण वाटभर मनात वाक्यं जुळवत होते.

खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. झब्बा तोच पांढरा, आत माणूस अर्धा. मी समोर बसले, नाव सांगितलं, गाव सांगितलं, क्लासचं सांगितलं. ते ऐकत राहिले, मान जरा तिरकी करून. मग इतकं गोड हसले.

"आवाज फार छान आहे हो तुमचा," ते म्हणाले. "भरदार. असा आवाज हल्ली मिळत नाही. गाता का कुठं?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्या डोळ्यांमागं कोणी नव्हतं. ढोंग असतं तर मला कळलं असतं, वॉर्डात आयुष्य काढलंय मी. त्यांना मी आठवत नव्हते, चौक आठवत नव्हता, ते वाक्य आठवत नव्हतं. ज्या एका माणसाला माझं गाणं कळलं होतं तो निसटून गेला होता, आणि जाता जाता मला शाबासकी देत होता! माझ्या अंगाची आग झाली. त्या रिकाम्या माणसाकडून मी माफी घेऊन काय करू?

दाराशी त्यांची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "कोणालाच ओळखत नाहीत हो. कधी कधी मलाही नाही." मी तिच्याकडून औषधांच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या, सगळ्या वाचल्या. एक गोळी चुकीच्या वेळी देत होती, ती समजावून सांगितली. दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता दिला. झोप कशी सांभाळायची, खायला काय द्यायचं, जुने फोटो कसे रोज दाखवायचे, सगळं सांगितलं. "ते बरे व्हायलाच पाहिजेत," मी म्हणाले. "त्यांना सगळं आठवायला पाहिजे." तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले.

आता मी रोज फोन करते. गोळ्या दिल्या का? झोपले का? कोणाला ओळखलं का? ती म्हणते, "ताई, सख्खी माणसं एवढी काळजी करत नाहीत." मी म्हणते, तुम्ही फक्त हयगय करू नका. आज तिचाच फोन आला, आवाज आनंदानं नुसता भरून आलेला. म्हणाली, "ताई, आज सकाळी बाबांनी मला नावानं हाक मारली! आणि मग विचारलं, त्या दिवशी आलेली ती बाई कोण होती, तिला कुठंतरी पाहिलंय."

मी गॅस बंद केला, साडी बदलली आणि बसस्टँड गाठला.